सेडेशनला एकच नर्स: सक्शन धरणार की पेशंट बघणार?

दंतकथा:
ब्रिटनमध्ये शिरेतून मिडाझोलाम (गुंगीचं औषध) देऊन दात काढताना बऱ्याच दवाखान्यांत औषध देणारा आणि दात काढणारा दंतवैद्य एकच असतो. सोबत सेडेशनचं (गुंगी देण्याचं) प्रशिक्षण घेतलेली एक डेंटल नर्स. नियमात बसतं, पण तिच्या हातात सक्शन (लाळ-पाणी ओढणारी नळी) असतं. प्रमाणपत्र असो नसो, दुसरी नर्स हवीच. मॉनिटरिंग हे जाताजाता करायचं काम नाही.

सक्शनवाली:
अजिबात पटलं नाही. पेशंटच्या तोंडाशी सगळ्यात जवळ सक्शनवालीच असते. घोरणं आधी तिला ऐकू येतं, घशाशी पाणी साचलेलं तिलाच दिसतं. कोपऱ्यातली दुसरी आकडेच वाचणार, आणि ऑक्सिमीटर (बोटाच्या प्रोबमधून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा) उशिरा बोलतो. बोटं गार असली तर आणखी उशिरा.

खालची दाढ काढताना डॉक्टर जबडा खाली-मागे रेटतो, श्वास अडतो तो तिथे. नर्सने मोकळ्या हाताने जबडा खालून उचलून धरायचा. छाती आत आणि पोट वर असं उलटसुलट हलू लागलं की डॉक्टरला थांबवायचं, पेशंटला "मोठा श्वास घ्या" म्हणायचं, हनुवटी वर. शिकवायचं ते हे.

प्राणवायू:
दोघंही कळीचा मुद्दा सोडताय. नाकातून 2 लिटर ऑक्सिजन चालू असला की श्वास मंदावला तरी पडद्यावर 98 दिसत राहतं. कॅप्नोग्राफ लावा, तो सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवतो.

सक्शनवाली:
तोंडाने श्वास घेणाऱ्याला? रेघ सपाट होते, अलार्म वाजतो, तिसऱ्यांदा वाजला की कोणीतरी आवाजच बंद करतं. साध्या मिडाझोलामला पेशंटशी बोलत राहणं बरं.

दंतकथा:
तोंडात बाइट ब्लॉक, म्हणजे तोंड उघडं ठेवणारा ठोकळा. बोलणार कसा तो?

सक्शनवाली:
"मूठ वळा" म्हणायचं, पण प्रोब नसलेल्या हाताची. बीपीचा कफही त्याच, प्रोब नसलेल्या हाताला. नाहीतर कफ फुगला की नाडी गायब आणि फुकटचा अलार्म.

दंतकथा:
मान्य. पण आकडा 90 च्या खाली गेला तर हात मोजा. एक जण जबड्याला, एक मास्कला. फ्लुमाझेनिल (मिडाझोलामवरचा उतारा) कोण भरणार? 5 मिलिलिटरमध्ये 500 मायक्रोग्रॅम. पहिले 200 पंधरा सेकंदांत, मग गरजेप्रमाणे दर मिनिटाला 100, किती गेलं ते लिहीत. डॉक्टरने सुई धरली तर मास्क कोणाकडे?

सक्शनवाली:
त्या क्षणी तिसरा माणूस हवा, बरोबर. पण तो हाकेच्या अंतरावर असला आणि दर काही महिन्यांनी हीच तालीम केलेला असला की झालं. पूर्ण वेळ खुर्चीशी उभा कशाला?

प्राणवायू:
कारण फ्लुमाझेनिल मिडाझोलामच्या आधी उतरतं. पेशंट टक्क जागा होतो, "घरी जाऊ का?" विचारतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पेंगतो. तोवर तुमची एकुलती एक नर्स पुढच्या खुर्चीवर सक्शन धरून. रिकव्हरीत त्याच्याजवळ कोण?

सक्शनवाली:
तोवर पुढचा पेशंट खुर्चीत घ्यायचाच नाही. दुसऱ्या नर्सपेक्षा हे स्वस्त पडतं, मालकांना आवडत नाही एवढंच.