आमच्या संग्रहालयातली ११ चित्रं मुंबईला प्रदर्शनासाठी उसनी मागितली आहेत, तयारी कुठून सुरू करू?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं छोटं संग्रहालय आहे. तिथे मी दोन वर्षांपासून सहायक अभिरक्षक आहे. मानद अभिरक्षक रविवारी येतात, पहारा आणि झाडलोट एक मामा बघतात. बाकी सगळं मी.

मुंबईतल्या एका मोठ्या संग्रहालयाचं पत्र आलंय. जे. जे. स्कूलच्या परंपरेतल्या चित्रकारांवर पुढच्या वर्षी जून ते नोव्हेंबर प्रदर्शन आहे. आमच्याकडची ११ चित्रं हवी आहेत: धुरंधरांची जलरंगातली चार आणि तैलरंगातली सात व्यक्तिचित्रं, त्यातली दोन लाकडी फळीवर. सोबत वीस पानी इंग्रजी करारनामा.

विश्वस्तांमध्ये दोन तट पडलेत. काही म्हणतात, चित्रं एकदा गेली की परत येत नसतात. काही म्हणतात, एवढा मान मिळतोय, उद्याच सही करा. माझी अडचण वेगळी आहे. १९६२ सालच्या नोंदवहीत या चित्रांच्या किमती ७५ रुपये, ४० रुपये अशा आहेत. विम्यासाठी काय कळवायचं? आणि न्यायला गाडी आली की चित्रं द्यायची कशी? पूर्वी एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी दोन चित्रं नेली होती, ती चादरीत गुंडाळून.

मला चित्रं पाठवायची आहेत. आमच्याकडे ती वर्षाला जेमतेम तीन हजार माणसं बघतात, निम्मी शाळेच्या सहलीतली. धुरंधरांच्या इतर कामाशेजारी ती लागलेली मला बघायची आहेत. फक्त जशी जातील तशीच परत यायला हवीत.

जुनी_नोंदवही

तुमचं शेवटचं वाक्य म्हणजेच हे सगळं काम. ३१ वर्षं मी संग्रहालयात रजिस्ट्रार होते, येणारी-जाणारी प्रत्येक वस्तू माझ्या सहीने हलायची. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

करारनामा आठवडाभर बाजूला ठेवा. आधी ११ चित्रं एकेक करून भिंतीवरून उतरवा, टेबलावर स्वच्छ सुती कापड टाकून त्यावर ठेवा आणि प्रत्येकाचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्र आत्ता कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद, तुम्ही स्वतः लिहा. त्यांचा माणूस येऊन लिहीलच, पण तुमचा आधी झालेला असला पाहिजे. समोरून फोटो, मागून फोटो, चारही कोपरे, चौकटीचे सांधे. मग खोलीत अंधार करून एका बाजूने टॉर्च धरा आणि परत फोटो काढा. तिरप्या उजेडात रंगाचे पापुद्रे, कॅनव्हासचा फुगवटा, जुने ठोके असे दिसतात की तुम्हाला वाटेल हे चित्र आपण आजवर पाहिलंच नव्हतं. प्रत्येक खूण फोटोच्या प्रिंटवर पेन्सिलीने मांडा आणि सेंटिमीटरमध्ये मोजा: 'खालच्या डाव्या कोपऱ्यापासून ४ सेंमी वर, २ सेंमी लांब चीर'. नुसतं 'किरकोळ नुकसान' लिहिलंत तर त्या रिपोर्टचा काही उपयोग नाही.

हे मी इतकं का सांगते? नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमचं एक व्यक्तिचित्र बाहेरगावच्या प्रदर्शनाहून परत आलं. पेटी उघडली तर उजव्या खालच्या कोपऱ्यात बोटभर खळगा. नेणारे म्हणाले, हा आधीपासूनच होता. माझ्या फाइलमध्ये तीन कोपऱ्यांचे फोटो होते, चौथ्याचा नव्हता. विम्याचा दावा तिथेच संपला. त्या चित्रासमोर उभी राहिले की आजही माझी नजर आधी त्या कोपऱ्यात जाते.

आता किंमत. १९६२ चा आकडा ही खरेदीची नोंद आहे, तिला हात लावू नका. विम्यासाठी आजचं मूल्यांकन लागतं. ते जाणकाराकडून लेखी घ्या, विश्वस्तांच्या सभेत मंजूर करा, आणि करारात 'दोघांना मान्य असलेली किंमत' म्हणून घाला. म्हणजे पुढे काही झालंच तर त्या आकड्यावर वाद घालता येत नाही. विमा 'नेल टू नेल' हवा: तुमच्या भिंतीवरच्या खिळ्यापासून परत त्याच खिळ्यापर्यंत. रस्ता, भांडार, मांडणी, सगळं त्यात आलं पाहिजे. दुरुस्तीनंतर चित्राचं मोल घटलं तर ती घटही. हप्ता नेणाऱ्यांनी भरायचा आणि विम्याचा दाखला हातात आल्याशिवाय एकही चित्र दाराबाहेर काढायचं नाही.

त्यांचा फॅसिलिटी रिपोर्ट मागवा. दालनाचं तापमान, आर्द्रता, आगीची व्यवस्था, रात्रीचा पहारा, सगळं त्यात असतं. संकोच करू नका. मोठी संग्रहालयं एकमेकांकडूनही तो मागतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं, चित्रांसोबत तुम्ही जा. या कामात कुरिअर म्हणजे वस्तूसोबत जाणारा जबाबदार माणूस. प्रवास, राहणं, भत्ता नेणाऱ्यांकडे, आणि हे करारात लिहून घ्या. पेटी गाडीत चढताना तुम्ही तिथे, गाडीत तुम्ही, उतरताना तुम्ही. रात्री गाडी ढाब्यावर उभी राहणार नाही हे बघणारेही तुम्हीच. चित्रं उभी ठेवायची, आडवी कधीच नाही, आणि चित्राचं तोंड गाडीच्या कडेच्या भिंतीकडे करायचं. ब्रेक लागला की धक्का चौकटीच्या कडेला बसतो, कॅनव्हास हेलकावत नाही. खंबाटकीत आणि खंडाळ्यात हे फार उपयोगी पडतं.

पाटण_काका

देऊ नका एवढंच म्हणेन. आमच्या घरातला पणजोबांचा जरीचा अंगरखा १९८५ साली एका प्रदर्शनाला दिला होता. तोंडी बोलणं झालं. न्यायला आलेले गृहस्थ वारले, कार्यालय हललं. वडील जाईपर्यंत विचारत होते, अंगरखा आला का.

जुनी_नोंदवही

काका, वाचून फार वाईट वाटलं. घाटमाथा, काकांच्या घरी जे झालं ते टाळायला दोन ओळी लागतात: परतीची नक्की तारीख, आणि मुदत वाढवायची तर नवीन लेखी संमती. 'कायमस्वरूपी उसनं' असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. चित्र गेलं की त्याच्या रिकाम्या खिळ्यावर कार्ड लावा: चित्र कुठे आहे, कधी येणार. तुमची बदली झाली तरी ते कार्ड भिंतीवर राहतं.

कागद_आणि_कॅनव्हास

मी पुण्यात चित्रांच्या संवर्धनाचं काम करते. ताईंनी लिहिलेलं सगळं पटलं, पण मला काळजी वाटते ती जूनची.

तुमच्या भागात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते. मुंबईचं दालन वातानुकूलित, म्हणजे ५० च्या आसपास. तुमच्या दमट खोलीतून जूनमध्ये चित्र पेटीत घातलं आणि तिथे काढलं, तर लाकूड भराभर सुकून आकसतं. फळीवरच्या चित्रांचा रंग तिथेच सुटतो. म्हणून पेट्या मेच्या मध्याला, पाऊस सुरू होण्याआधी भरा. पोचल्यावर बंद पेटी दालनात किमान २४ तास तशीच राहू द्या आणि मगच उघडा. घाई करणारे भेटतील. उद्घाटनाची तारीख जवळ आली की सगळेच घाईत असतात. तिथे तुम्ही उभं राहायचं. परतीचा प्रवास डिसेंबरात ठेवा.

फळीवरची दोन चित्रं पाठवायची की नाही हे फळी बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. मागची बाजू नीट बघा: भेग, वाळवीचा माग, बाक आलाय का.

जलरंगांचं गणित वेगळं. त्यांना ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड नको, तैलरंगाला २०० चालतो. पण नुसत्या लक्सवर जाऊ नका, तास मोजा. जून ते नोव्हेंबर, आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास, म्हणजे ५० लक्सनेही साठ हजारांवर लक्स-तास होतात. उडालेला रंग कुणालाच परत आणता येत नाही. उपाय सोपा आहे. चारही मेमध्येच जाऊ द्या, दोन भिंतीवर, दोन त्यांच्या अंधाऱ्या भांडारात, आणि ऑगस्टअखेर अदलाबदल. प्रत्येक चित्राचा वाटा निम्मा होतो आणि भर पावसात प्रवास टळतो.

काच असेल तर प्रवासाआधी काचेवर चिकटपट्ट्यांची जाळी लावा, म्हणजे फुटली तरी तुकडे कागदावर पडत नाहीत. अ‍ॅक्रिलिक असेल तर पट्टी लावू नका, डाग राहतात. कॅनव्हासच्या मागे पातळ कोरुगेटेड शीट स्क्रूने बसवून घ्या, थरथर बरीच कमी होते.

टेम्सकाठ

मी इकडे इंग्लंडमध्ये एका संग्रहालयाच्या उसनवारी विभागात आहे, मूळची वाईची. म्हणून राहवलं नाही.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण विश्वस्तांना सांगा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली, ती तीन वर्षांच्या उसनवारीच्या करारावर. मालकी बदलली नाही, तरी हजारो लोकांना ती बघता आली. उसनं देणं म्हणजे सोडून देणं नव्हे.

त्याच उदाहरणातून दुसरं. ती साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, ग्रँट डफ याच्याकडे होती, असं लंडनचं संग्रहालय सांगतं, आणि ती अफझलखानाच्या भेटीतलीच आहेत हे सिद्ध करता येत नाही, हेही उघड सांगतं. तुमच्या चित्रांबद्दलही तेवढंच लिहू द्या जेवढं नोंदवहीत आहे. पाटीवरचा मजकूर छापण्याआधी तुमच्याकडे तपासायला यावा आणि तुमच्या संग्रहालयाचं नाव प्रत्येक चित्राखाली असावं, हे करारात घाला.

फोटोंबद्दल विचारतील. धुरंधर १९४४ मध्ये गेले. आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २००४ अखेर संपला. त्या हक्काच्या नावाने अडवता येणार नाही, पण फ्लॅश नको, कॅटलॉगच्या पाच प्रती द्या, हे सांगता येतं. आणि हे प्रदर्शन पुढे परदेशी न्यायचं म्हणाले, तर ते वेगळं प्रकरण समजा. शंभर वर्षं झालेलं चित्र १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, केंद्राच्या परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाही. आत्ताच्या सहीत ते गुंतवू नका.

घाटमाथा

ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा अंगरखा सभेत वाचून दाखवला. 'नको' म्हणणाऱ्या विश्वस्तांनीच परतीच्या तारखेचं कलम सुचवलं.

शनिवारी मामांनी टॉर्च धरला, मी फोटो काढले. चार चित्रं झाली, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. धुरंधरांच्या एका जलरंगाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली तारीख सापडली, नोंदवहीत ती नव्हती. फळीवरच्या एका चित्राच्या मागे मात्र वरपासून खालपर्यंत बारीक भेग आहे. नख घातलं तर जातं. फोटो पुण्याच्या ताईंना पाठवतो, पण ते जाणार नाही हे मी सभेत सांगून टाकलं. मुंबईला दहा चित्रांचं पत्र उद्या निघेल.