टाच दुखतेय, बडोद्यात तीन हजारांच्या आत धड बूट सुचवा

सूरसागरकाठ
नमस्कार मंडळी. वय ५१, शाळेत शिकवते, दिवसाचे पाच-सहा तास उभ्याने जातात. २०२५ च्या नवरात्रात एक तिथी वाढली, म्हणजे दहा रात्री, आणि मी दहाही रात्री मैदानावर अनवाणी गरबा खेळले (हो, या वयात, हसू नका). दसऱ्याला सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला तर उजव्या टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ. चार पावलं टाकली की कमी होते, दुपारी विसरायला होतं, संध्याकाळी पुन्हा सुरू.

ऑर्थोकडे जाऊन आले. एक्स-रेत टाचेचं हाड थोडं वाढलेलं दिसलं, पण दुखणं त्याचं नाही म्हणाले. तसं हाड अनेकांचं वाढलेलं असतं आणि त्यांना पत्ताही नसतो. तळव्याचा पडदा दुखावलाय, प्लांटर फॅशिआयटिस. पाच दिवसांच्या गोळ्या आणि "सपोर्टवाले चांगले बूट घाला". चांगले म्हणजे कसे, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत.

रविवारी मॉलमध्ये गेले. पहिलाच जोड ८,९९९. विक्रेता म्हणे, मॅडम, ढगावर चालल्यासारखं वाटेल. तशीच बाहेर पडले आणि मंगळ बाजारात शिरले. तिथे डिट्टो तसाच दिसणारा ४५० ला, आणि गंमत म्हणजे तोही ढगच!

बजेट ३,०००, ताणून ३,५००. पाय पुढून रुंद आहे, कुठलाही बूट करंगळीला चावतो. साडीवर आणि ड्रेसवर दोन्हीवर चालला तर सोन्याहून पिवळं.

फाफडा_रविवार
मंगळ बाजारातला ढग पहिल्या पावसात बरसतो. अनुभवाचे बोल.

कमाटीबाग_सकाळ
ताई, निवृत्तीपासून रोज सकाळी कमाटीबागेत चालतो, आतापर्यंत सहा-सात जोड झिजवले. पैसे घालवून शिकलेलं सांगतो.

आधी तो "ढग" डोक्यातून काढा. दुकानात दोन मिनिटं उभं राहिलं की मऊ बूट छानच वाटतो. तासभर चाला, टाच त्या मऊपणात खाली बसते आणि डुलायला लागते. तुम्हाला टाच धरून ठेवणारा बूट पाहिजे. बूट हातात घेऊन टाचेमागची कड अंगठ्याने दाबा. चेपली तर परत ठेवून द्या. मग पुढचं टोक आणि टाच धरून वाकवा. बोटं जिथे दुमडतात तिथेच तो वाकायला हवा. मधोमध पुठ्ठ्यासारखा दुमडला तर तळव्याला आधार शून्य. शेवटी ओला टॉवेल पिळतो तसा पिळून बघा. पूर्ण पिळला गेला तर किंमत काहीही असो, ती फक्त महागडी सपाता आहे.

रुंद पायासाठी एक युक्ती. आतला सुखतळा बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभ्या राहा. करंगळी कडेबाहेर गेली तर तो बूट चावणारच, विक्रेता कितीही "वापरून सैल होईल" म्हणो. सुखतळा निघणाराच बूट घ्या, पुढे डॉक्टरांनी वेगळा दिला तर बसवता येतो.

आणि खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. दोन्ही पाय घालून बघा, एक पाय थोडा मोठा असतोच, नंबर त्याच्या मापाने. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी.

हिशेबी_बडोदेकर
किमतीबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून (बरोबर घटस्थापनेचा दिवस) पादत्राणांवरचा जीएसटी बदललाय. करापूर्वी २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर आता ५ टक्के, त्याच्या वर १८. त्याच्या लगेच आधी १,००० पर्यंत १२ आणि वर १८ होता. म्हणजे पूर्वी २,३०० ला मिळणारा जोड आता अडीचशेच्या आसपास स्वस्त व्हायला पाहिजे. डब्यावर जुनी किंमत छापलेली असेल तर बिनधास्त विचारा.

याचा दुसरा अर्थ असा की तुमचं ३,००० चं बजेट जरा खाली आणलंत तर फायदा जास्त आहे. २,५०० ची रेषा ओलांडली की वाढीव पैशांतला बराच भाग बुटात जात नाही, सरकारात जातो. ताणून ३,५०० करायचंच असेल तर मागच्या वर्षीचं मॉडेल शोधा. रंग बदलला की कंपन्या जुना माल काढून टाकतात, बूट तोच असतो.

फाफडा_रविवार
हिशेबीभाऊ, चप्पल घ्यायला पण कॅल्क्युलेटर घेऊन जाता का?

हिशेबी_बडोदेकर
मोबाइलमध्ये असतो.

एडिसन_ते_अलकापुरी
ऑनलाइन का नाही बघत? नाही आवडलं तर परत करा. फक्त नंबर सांभाळा. भारतातले नंबर साधारणपणे ब्रिटिश मापाचे, अमेरिकन बायकांचा नंबर दोनेकने मोठा असतो. मी आईला इथून अमेरिकन आठ पाठवले. तिचा भारतातला नंबर आठ! दोन महिने बिचारी "छान आहेत रे" म्हणत राहिली आणि माझी बहीण ते बूट घालून फिरत होती.

कमाटीबाग_सकाळ
पहिला जोड दुकानातच घ्यावा. एकदा कंपनी, मॉडेल आणि नंबर पक्का झाला की दुसरा खुशाल मागवा. आपले पाय युरोपियनांपेक्षा पुढून रुंद असतात, हे चेन्नईच्या चर्म संशोधन संस्थेने लाखभर लोकांचे पाय मोजून सांगितलंय. त्यावरून "भा" नावाची भारतीय मापपद्धत तयार होतेय. ती दुकानात येईपर्यंत सुखतळ्यावर उभं राहणं हाच उपाय.

पायाळू_फिजिओ
बूट कोणते ते सगळे सांगतील. मी उलटा प्रश्न विचारते. घरात काय घालता?

सूरसागरकाठ
घरात? काही नाही. कोटा फरशी आहे, स्वयंपाकघरात चप्पल सासूबाईंना चालत नाही.

पायाळू_फिजिओ
मग हिशेब मांडा. शाळेत सहा तास बूट. सकाळचा डबा, संध्याकाळचा स्वयंपाक, आवराआवर, हे सगळं पाच-सहा तास दगडावर अनवाणी. सकाळचं पहिलं पाऊलही त्याच दगडावर. रात्रभर आखडलेला पडदा तिथेच ताणला जातो. आठ हजारांचे बूट घेतलेत तरी अर्धा दिवस ते दाराबाहेर रॅकमध्येच असणार. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात-आठ बायकांची गोष्ट हीच. पुरुष घरात उभे राहत नाहीत, सुटतात. (ज्यांना लागलं असेल त्यांनी धुवायला घ्यावं. भांडी.)

घरासाठी जाड सोलची, टाचेखाली जरा उंच, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या आणि पलंगाशेजारी ठेवा. उठायच्या आधी टॉवेल पंजाभोवती अडकवून पाय स्वतःकडे ओढा, तीस सेकंद, तीनदा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, दिवसातून दोन-तीनदा. संध्याकाळी गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. कंटाळा न करता केलंत तर बहुतेकांचं काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय जातं. बूट मदत करतात, बरं करत नाहीत.

बुटांत टाच पुढच्या भागापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असेल तर तुम्हाला बरं वाटेल. एकदम सपाट पंप्स (बिननाडीचे, नुसते पाय सरकवायचे बूट) सध्या नकोच.

आणि हा धागा इतरही वाचत असतील म्हणून: मधुमेह असेल आणि तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर सल्ला वेगळा. आधी डॉक्टरकडून तळव्याची संवेदना तपासून घ्या. सर्जिकलच्या दुकानात एमसीआरची चप्पल मिळते, मऊ सूक्ष्म छिद्रांच्या रबराची. मागे पट्ट्याची घ्या, अंगठ्याची नको. बधिर पायातून अंगठ्याची चप्पल निसटते आणि कळतही नाही.

दांडियाबाजारची_सून
सासूबाईंचा प्रश्न आमच्याकडेही होता! मी वाद घातलाच नाही. नवी चप्पल डब्यासकट त्यांच्यासमोर उघडली, सोल दाखवला, "ही उंबऱ्याबाहेर कधी जाणार नाही" असं सांगितलं. देवघरापाशी काढते. पहिला आठवडा गप्प होत्या, दुसऱ्या आठवड्यात "किती नंबर आहे गं तुझा?" आता दोन जोड आहेत, त्यांचा मरून.

मांजलपूरवाला
एक धोक्याची सूचना. चांगली चप्पल "लग्नकार्याला ठेवू" म्हणून कपाटात ठेवू नका. माझी एक महागडी जोडी (नाव नको) चार वर्षं डब्यात होती. भाच्याच्या लग्नात घातली आणि वरातीत सोलचा भुगा! मागे वळून बघतो तर रस्ताभर काळे तुकडे, जणू मीच अक्षता टाकत चाललोय. मोची म्हणाला, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) सोल आहे, हवेतला ओलावा खाऊन आपोआप कुजतो, वापरात राहिला तर जास्त टिकतो. आणि बूट साधारण सातशे-आठशे किलोमीटर चालले की मधला फोम बसतो, वरून नवे दिसले तरी. सेलमध्ये दोन-तीन जोड साठवायचा बेत असेल तर विचार करा.

हिशेबी_बडोदेकर
रोजचे चार किलोमीटर धरले तर सहा-सात महिने. २,४०० चा जोड म्हणजे दिवसाला साधारण बारा रुपये. चहापेक्षा स्वस्त.

निजामपुरा_एक्सप्रेस
नावं कोणी देईना, मी देतो. डेकॅथलॉनचे चालायचे बूट, एसिक्सचं जेल-कंटेंड (जुना रंग सेलमध्ये बघा), रुंद पायासाठी न्यू बॅलन्समध्ये बायकांच्या मापातली डी (रुंद) किंवा टूई (2E, जास्त रुंद) रुंदी विचारा. शाळेसाठी बाटाचं कम्फिट, साडीखाली शोभतं. अगदीच हात आखडता असेल तर स्पार्क्स किंवा कॅम्पसमध्ये कमाटीबागकाकांची दाबा-वाकवा-पिळा परीक्षा घ्या. प्रत्येक मॉडेल पास होणार नाही, पण हजार-बाराशेत पास होणारं सापडतं. मला सापडलंय.

सूरसागरकाठ
सहा आठवड्यांनी परत आले. उशिराबद्दल माफी, परीक्षा होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर थेट गेले. पाच दुकानं. प्रत्येक ठिकाणी सुखतळा काढून उभी राहिले. तिसऱ्या दुकानातला मुलगा म्हणाला, "बेन, आवुं तो कोई नथी करतुं" (असं तर कोणी करत नाही). चौथ्या दुकानातल्या काकांनी मात्र स्वतःच दुसरा नंबर आणून दिला आणि टाचेची कड दाबून दाखवली. तिथे एक जोड पिळून बघितला, पिळला गेला नाही. काळा, नाडीचा, चालायचा बूट, मागच्या वर्षीचं मॉडेल, २,२९९. नेहमी पाच घालायचे, इथे साडेपाच निघाला. इतकी वर्षं करंगळी का चावून घेतली देव जाणे.

घरची चप्पल ६५० ची, मागे पट्ट्याची. दांडियाबाजारच्या ताईंची पद्धत शब्दशः वापरली. सासूबाई अजून पहिल्या आठवड्याच्या मूडमध्ये आहेत, पण बंदी नाही.

खरं सांगू, फरक बुटांपेक्षा चपलेने आणि टॉवेलने जास्त पडला. सकाळची कळ आहे, पण खिळ्याची टाचणी झालीय. ज्या दिवशी टॉवेल विसरते त्या दिवशी लगेच समजतं. साडीवर बूट दिसत नाहीत, फक्त सातवी ब ने पहिल्याच तासाला ओळखलं.

फाफडा_रविवार
पुढच्या नवरात्राचं काय?

सूरसागरकाठ
फिजिओताई, तुम्हीच सांगा.

पायाळू_फिजिओ
एक रात्र. फार तर दोन. तळव्याला टेप लावून. आणि आधीचा महिना पोटऱ्या ताणायच्या, बोलायचं नाही.

दांडियाबाजारची_सून
त्या चौथ्या दुकानात सहा नंबर शिल्लक असेल का? मरूनमध्ये नको.

सूरसागरकाठ
गुरुवारी तरी होता. काळा आणि राखाडी. संध्याकाळी जा, आणि सुखतळा काढून बघा, काका रागावत नाहीत.