मदत हवी आहे: भाऊ-वहिनी अमेरिकेत, व्हिसा संपलाय. दोघांना धरलं तर लेकरांचं काय?

थोरली_ताई

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या खेड्यातून लिहितेय. धाकटा भाऊ बरीच वर्षं कॅलिफोर्नियात आहे, एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर गेलेला. नोकरी गेली. तिथला नियम असा की नोकरी सुटली की ६० दिवसांत दुसरी धरायची, नाहीतर निघायचं. जमलं नाही. वहिनीचा व्हिसा त्याच्याच आधाराने, तोही गेला. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची. दोघं तिथंच जन्मली, म्हणजे अमेरिकेची नागरिक.

'मग परत का येत नाही' असं विचारणारे गावात पुष्कळ आहेत. वकिलाने एक अर्ज टाकलाय, त्याचा निकाल बाकी आहे. आणि वर्षाच्या वर विनापरवाना राहून निघालं तर दहा वर्षं परत जाता येत नाही म्हणे. राहायचं की यायचं ते त्यांचं ते बघतील, त्यावर सल्ला नको.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परत पाठवलेल्या भारतीयांना घेऊन अमृतसरला ते लष्करी विमान उतरलं, १०४ जणांत तिघं महाराष्ट्राचे होते. आईने टीव्हीवर बेड्या पाहिल्या. तेव्हापासून रोज एकच, "आपल्या पोराले बी असंच बांधून आणतीन काय वं? अन् लेकरं?"

भाऊ विषयच काढू देत नाही. "शुभ बोल ना ताई" म्हणतो आणि फोन ठेवतो. वहिनी ऐकते.

मला हे हवंय: मी इथूनच लेकरांची कायदेशीर पालक होऊ शकते का? तालुक्याला कोर्टाबाहेरचा टायपिस्ट पाचशेच्या स्टॅम्पवर शपथपत्र करून देतो म्हणाला. आणि लेकरं इकडे आणायची झाली तर काय काय लागेल?

कपाशीवाला

ताई, त्या टायपिस्टच्या नादी नको लागू. पैसे घेईन अन् 'अमेरिकेत बी चालते' म्हणून सांगीन. त्याचं काय जाते?

नागपूरकरीण_बे_एरिया

ताई, तुमचा नंबर नंतर. दुपारी शाळा सुटते तेव्हा गेटवर कोण उभं राहणार, हा पहिला प्रश्न आहे. इमर्जन्सी कार्डावर ज्यांची नावं आहेत त्यांच्याच हाती शाळा मूल देते. आपल्या बऱ्याच लोकांच्या कार्डावर आई, बाबा आणि कधीकाळचा एखादा शेजारी, बस. कोणीच आलं नाही तर प्रकरण काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, बालकल्याण खात्याकडे जातं, आणि तिथून मूल सोडवून आणणं हे वेगळंच लचांड. वहिनीला याच आठवड्यात दोन नावं घालायला सांगा. माणसं जवळ राहणारी आणि स्वतःचे कागद पक्के असलेली हवीत.

दुसरं, कॅलिफोर्नियात 'केअरगिव्हर्स ऑथरायझेशन ॲफिडेव्हिट' नावाचा फॉर्म आहे. मूल ज्याच्या घरी राहतं तो माणूस भरतो. कोर्ट नाही, आईबापांची सहीसुद्धा लागत नाही. त्यावर शाळेत नाव घालता येतं, शाळेसाठी लागणाऱ्या औषधोपचाराला संमती देता येते. भरणारा नातेवाईक असेल तर बाकीच्या उपचारांनाही. आईबापांचे हक्क त्याने जात नाहीत. हे वहिनीला दोनदा सांगा, कारण सगळ्यांना भीती तीच असते की कागद केला म्हणजे लेकरू देऊन टाकलं. दुसऱ्या राज्यांत वेगळं आहे. न्यूयॉर्कमध्ये 'स्टँडबाय गार्डियन', म्हणजे वेळ आली तर जबाबदारी घेणारा पालक, नेमतात आणि २०१८ पासून त्यात इमिग्रेशनमुळे झालेली ताटातूटही धरतात.

तिसरं, भावाचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्यातला त्याचा नंबर. अर्जाच्या नोटिशीवर 'ए' आणि पुढे आकडे असतात. धरलेला माणूस कुठे ठेवलाय ते आयसीईच्या (धरपकड करणारं इमिग्रेशन खातं) ऑनलाइन लोकेटरवर शोधायला तो आणि जन्मदेश लागतो. नंबर नसेल तर नावाने शोधता येतं, पण स्पेलिंग तंतोतंत हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मध्ये, कधी गायब, म्हणून कागदावर जसं आहे तसंच उतरवून घ्या.

आणि इथला नोटरी म्हणजे वकील नव्हे. तो फक्त सही कोणाची ते बघतो. 'इमिग्रेशनचं सगळं करून देतो' म्हणणारा नोटरी भेटला तर लांब राहा. इमिग्रेशन कोर्टाच्या साइटवर फुकट सल्ला देणाऱ्या संस्थांची यादी आहे, ती बघा.

सरळमार्गी

कायद्याने राहिले असते तर ही वेळच आली नसती.

थोरली_ताई

पाच वर्षांच्या पोरीने कोणता कायदा मोडला दादा? पुढे.

वकील_अमरावती

इकडची बाजू सांगतो. शपथपत्रात तुम्ही स्वतःपुरतं लिहू शकता. लेकरांबाबतचा अधिकार भाऊ-वहिनीच देऊ शकतात. त्यांनी तिथे मुखत्यारपत्रावर सही करायची, नोटरी आणि अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून पाठवायचं, आणि इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. मुदत चुकवू नका.

आईबाप कोठडीत असले तरी पालक तेच राहतात. पुढे गरज पडलीच तर १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. पण मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या न्यायालयात. लेकरं यायच्या आधी यवतमाळला अर्ज टाकून उपयोग नाही.

खरी घाई पासपोर्टची. मुलं अमेरिकी आहेत, म्हणजे तिथला पासपोर्ट आणि इकडे यायला व्हिसा किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड). जास्त दिवस राहायचं असेल तर ओसीआयच बरं. १६ वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि काढताना आईबाप दोघं हजर लागतात. एक जण येऊ शकत नसेल तर त्याची नोटरी केलेली संमती, फॉर्म डीएस-३०५३. डिटेन्शनमध्ये, म्हणजे कोठडीत, बसलेल्या माणसाकडून हा कागद आणणं किती सोपं असेल ते बघा. म्हणून दोघं घरी आहेत तोवर करून घ्या. सोबत जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत आणि तिच्यावर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं अपोस्टिल. मुलांना दुसरं कोणी विमानाने आणणार असेल तर प्रवासाचं संमतीपत्र वेगळं.

वकिलाच्या फीची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करा.

थोरली_ताई

सगळ्यांचे आभार. काल वावरात वेचणीच्या बाया शिदोरी सोडून बसल्या तेवढ्यात वहिनीचा फोन आला. तिथे रात्रीचे अकरा, भाऊ झोपलेला. कपाटातून एकेक कागद काढून वाचून दाखवत होती. मुलाचा पासपोर्ट ठीक आहे. मुलीचा तान्ही असताना काढलेला, दोन महिन्यांत संपतो. शाळेच्या कार्डावर तिसरं नाव आहे ते टेक्सासला निघून गेलेल्या मैत्रिणीचं! आता खालच्या मजल्यावरच्या अकोल्याच्या कुटुंबाला विचारणार आहे, ते तिथले नागरिक झालेत.

एक नवीनच कळलं. पोरीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, इंजेक्शन जवळ ठेवावं लागतं. आमच्या स्वयंपाकघरात कूट नाही अशी भाजी नाही, तेलही शेंगदाण्याचंच. असं मूल खेड्यात कोणी सांभाळलंय का? दवाखाना इथून लांब आहे.

आणि भावाला कसं बोलतं करू?

नागपूरकरीण_बे_एरिया

ॲलर्जीचा कागद डॉक्टरकडून लिहून घ्या, औषधाचं नाव आणि मात्रा घालून. एक प्रत अकोल्याच्या कुटुंबाला, एक शाळेत, एक तुम्हाला.

भावापाशी धरपकडीचं नावच काढू नका. 'पोरीचा पासपोर्ट संपतोय, दोघांना जावं लागेल' एवढंच वहिनीने म्हणायचं. फोल्डर एकदा टेबलावर आला की बाकीचे कागद त्यात जातात. आमच्याकडे असंच झालं.

थोरली_ताई

हे जमेल. उद्या वेचणीच्या वेळी फोन येईल तेव्हा सांगते. शेंगदाण्याचं मात्र कोणीतरी सांगा.