अकाली मृत्यू म्हणजे देवाची शिक्षा, हे ठरवणारे आपण कोण?

भिंगारवेस
गेल्या आठवड्यात 'पहारेकरी' या नावाने लिहिणाऱ्यांनी येथे लिहिले की, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) ज्या घरांतून दोन-दोन प्रेते निघाली, त्या घरांत कबूल न केलेले पाप किंवा बुडवलेला दशमांश (उत्पन्नाचा मंडळीला द्यायचा दहावा हिस्सा) होता, आणि उरलेल्यांनी त्यावरून धडा घेऊन पश्चात्ताप करावा. हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही, कारण एप्रिल २०२१ मध्ये माझा धाकटा भाऊ गेला आणि पाठोपाठ आई गेली. भावाला किट घातलेल्या चौघा अनोळखी माणसांनी खड्ड्यात उतरवले आणि पाळकसाहेबांनी कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभे राहून प्रार्थना केली. त्याच आठवड्यात मंडळीतील एका भगिनीने माझ्या वहिनीला फोन करून विचारले, "घरात काही दडवलेले राहिले आहे का, ते शोधून पाहा." आजही वहिनी प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) रविवारी मागच्या दाराने निघून जाते.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होते काय, असे प्रभूने विचारले आणि स्वतःच "नाही" म्हणून उत्तर दिले (लूक १३). बायबलमधील नीतिमान इयोबावर संकटे आली तेव्हा त्याच्या मित्रांनीही दडवलेले पापच शोधले होते, आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर झाला, इयोबावर नाही.

पहारेकरी
आपल्या दुःखाबद्दल मला आदर आहे, परंतु लूकचा उतारा आपण अर्धाच दिला. प्रभू पुढे लगेच म्हणतो की, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुम्हा सर्वांचाही नाश होईल. जमिनीच्या पैशाबद्दल खोटे बोललेली हनन्या आणि सप्पीरा प्रेषित पेत्राच्या पायाशी मरून पडली, ते काय होते? करिंथच्या मंडळीत अयोग्य रीतीने प्रभुभोजन घेतल्यामुळे पुष्कळ जण दुर्बळ व रोगी झाले आणि काही मेले, हे पौलाने लिहिले आहे, मी नाही. आज व्यासपीठावरून केवळ आशीर्वाद, नोकरी आणि व्हिसा यांविषयी ऐकू येते. न्यायाचे नाव काढणाऱ्याला निर्दय ठरवले जाते, आणि म्हणूनच आपल्या मंडळ्या कोमट झाल्या आहेत.

मळ्यातली
पहारेकरी दादा, पेत्राला हनन्याचे पाप ठाऊक होते, आपल्याला या घरांचे काय ठाऊक आहे? पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात उपासमारीने गेली. अनंतशास्त्र्यांनी बायकोला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना दोष देणारे धर्ममार्तंड तेव्हाही होतेच. आपला निकष लावला तर ते खरे ठरतील. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, ते कोणाच्या पापाची शिक्षा आहे हे तपासायला नव्हे, तर उपाशी मुलींना केडगावच्या आपल्या आश्रमात आणायला. १९०५ मध्ये त्याच केडगावात आध्यात्मिक जागृती आली आणि मुली रडून पापे कबूल करू लागल्या. त्या प्रत्येकीने स्वतःचे पाप कबूल केले, शेजारणीचे नाही.

वसईकर
मी कॅथलिक असलो तरी हा प्रश्न आमच्याकडेही आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारमधील भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचीही घरे त्या भूकंपात पडली, हे लक्षात घेतले तर विरोध योग्यच होता. मात्र पश्चात्तापाची व्याख्या अश्रूंपुरती करू नये. पापनिवेदनानंतर (धर्मगुरूपुढे पाप कबूल केल्यावर) आम्हाला प्रायश्चित्त दिले जाते आणि चोरलेले असेल तर परत करावे लागते.

शेवटचा बाक
वसईकरांनी मुद्द्याला हात घातला, म्हणून लिहितो. आमच्या मंडळीत कबरस्तानाच्या कुंपणासाठी निधी जमला होता. म्हाताऱ्या विधवांनी पेन्शनमधून पैसे दिले होते. खजिनदाराने तो परस्पर वापरला. पुढे जागृती सभेत ते गुडघे टेकून ढसाढसा रडले, सर्वांनी हालेलूया म्हटले, आणि पुढच्या निवडणुकीत ते पुन्हा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीवर आले. कुंपण आजही नाही. पावसाळ्यात कबरींवर गुरे चरतात. बायबलमधील गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मूळ रकमेवर पाचवा हिस्सा घालून भरपाई करण्याची आज्ञा आहे. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय चौपट देतो म्हणाला, तेव्हा "आज या घराला तारण प्राप्त झाले आहे" असे प्रभू म्हणाला. दशमांश न दिलेल्या गरिबावर न्याय येतो आणि दशमांश खाणाऱ्यावर कृपा येते, ही शिकवण कोठून आली?

पहारेकरी
हे विषयांतर आहे. क्षमा विनामूल्य आहे. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या आणि क्षमा मिळालेल्या चोराने कोणाला काय परत केले? एका बांधवाने सर्वांसमोर कबुली दिल्यावर त्याचा हिशेब मांडत बसणे यालाच मी कडवटपणा म्हणतो.

शेवटचा बाक
त्या चोराचे हात खिळलेले होते. आमच्या खजिनदारांचे हात मोकळे आहेत आणि त्यांच्या नावावर दोन प्लॉट आहेत. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने पश्चात्तापाला शोभेल असे फळ मागितले होते. आपण ते भावाला पुरलेल्या घराकडून मागता आणि कमिटीवरच्या माणसाकडून मागत नाही, म्हणून मला कडवट म्हणा, चालेल.

मळ्यातली
भरपाई व्हावी हे खरे. पण भरपाईशिवाय क्षमाच नाही, असे म्हणाल तर ज्याच्याकडे परत द्यायला काहीच नाही त्याने कोठे जावे? माझ्या वडिलांनी दारूत आईचे दागिने घालवले. पुढे ते सुधारले आणि अखेरपर्यंत विश्वासू राहिले, पण दागिने परत आले नाहीत. आईने त्यांना क्षमा केली होती.

शेवटचा बाक
ताई, आपल्या वडिलांना मी जक्कयाच्या मापाने मोजणार नाही. ज्याच्याकडे आहे आणि जो देत नाही, त्याच्याविषयीच मी बोलतो.

भिंगारवेस
हे मला विषयांतर वाटत नाही. न्यायाला देवाच्या घरापासून आरंभ होतो, असे पेत्र लिहितो. म्हणजे व्यासपीठ, कमिटी आणि हिशेबाची वही यांपासून. न्यायाविषयी बोलणे आपल्या मंडळ्यांनी सोडून दिले, हे पहारेकरी यांचे म्हणणे मी मान्य करतो. संदेष्टा नाथानाने परस्त्रीसंबंध व खून केलेल्या दाविदाच्या तोंडावर "तो मनुष्य तूच आहेस" असे सांगितले, कारण दावीद राजा होता आणि त्याने केलेला अपराध नाथानाला ठाऊक होता. मृताच्या विधवेला फोन करायला नाथानाचे धैर्य लागत नाही.

पहारेकरी
दशमांशाविषयीचे वाक्य कोणत्याही घराची माहिती नसताना लिहिले गेले. ते मी काढून टाकतो. बाकीचा लेख राहील, कारण न्याय येणार आहे आणि तो सर्वांवर येणार आहे, असे मी आजही मानतो. त्या भगिनीच्या वतीने मी क्षमा मागू शकत नाही. ती त्यांनी स्वतः घरी जाऊन मागावी. कुंपणाचा प्रश्न मंडळीच्या वार्षिक सभेत लेखी मांडा. शेवटचा बाक, आपली मंडळी कोणती ते मला खासगीत कळवा. सभासदांच्या अर्जावर अनुमोदक हवा असेल तर मी सही करीन.