विषय: शनिवारचा हॉल आणि ‘टोकियो लव्ह स्टोरी’: किती भाग?

मंजिरी
मंडळी, मोठा हॉल गेला, वरचा मिळालाय, २ ते ५. खुर्च्या, चहा, आवराआवर वजा जाता अडीच तास धरा. जाहिराती काढल्या की एक भाग साधारण ४६ मिनिटांचा, म्हणजे तीन बसतात. ‘टोकियो लव्ह स्टोरी’ या १९९१च्या जपानी टीव्ही मालिकेच्या ११ भागांपैकी पहिला, सहावा आणि शेवटचा दाखवू या का? आज सांगा, पत्रक काढायचंय.

सुहास
शेवटचा अजिबात नको. या मालिकांचा दर्जा त्यांच्या बांधणीत आहे. तीन महिन्यांचा एक ‘कूरु’ म्हणजे प्रक्षेपणाचा हंगाम, १०-११ भाग, की खेळ खलास. पाणी घालून वाढवायला वावच नाही. शेवटच्या भागात बाइशिंजी स्टेशनवर नायिका रिका ठरलेल्या गाडीच्या आधीच्या गाडीने निघून जाते; नायक कान्चीला कठड्याला बांधलेला रुमाल तेवढा सापडतो. मधले भाग न बघितलेल्याला तो नुसता रुमालच दिसणार! पहिले तीन सलग लावा.

अनघा
सुहासदादा, सलग ठीक, पण सबटायटल्स? जपानी टीव्ही मालिकांच्या डीव्हीडीवर इंग्रजी बहुधा नसतात, जुन्यांवर कित्येकदा जपानीही नाहीत. नव्याने आलेल्यांना काय कळणार? आणि गेल्या वेळसारखं माइकवर भाषांतर कृपया नको. कोणीतरी बोलता बोलता थांबतं आणि ओदा काझुमासाने गायलेल्या मालिकेच्या गाण्याची गिटार सुरू होते, तिथेच सगळी मजा आहे. त्यावर कुणी बोललं की प्रसंग मेला. प्रत्येक भागाआधी अर्ध्या पानाचा मराठी सारांश वाटा: पात्रं, नाती, बस. शेवट लिहू नका.

प्रसाद
एवढी यातायात कशाला? नेटफ्लिक्सवर ‘फर्स्ट लव्ह’ आहे, २०२२ची, ९ भाग, सबटायटल्ससकट. लॅपटॉप जोडला की झालं.

सुहास
प्रसाद, ते खातं घरगुती वापराचं असतं, हॉलसाठी नाही. डिस्कचं वेगळं. जपानच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ सांगतं की नफा नाही, प्रेक्षकांकडून पैसे नाहीत आणि सादर करणाऱ्याला मानधन नाही, तर दाखवता येतं. म्हणून मंजिरी, दारात चहाचे म्हणून ५०० येन घेऊ नका, ते शुल्क ठरू शकतं. शिवाय ‘फर्स्ट लव्ह’ आठवड्याला एक भाग या हिशेबाने लिहिलेली नाही. कथा तरुणपण आणि आजचा काळ यांत सारखी मागेपुढे उडते. ती घरी निवांत बघण्याची.

रोहिणी
१९९१चंच कशाला धरून बसलात? ‘निगेहाजी’ मालिका घ्या, २०१६ची. पगारी लग्नाचा करार, त्यात मिठीचा वार मंगळवार! हिशेबी विनोद आपल्या लोकांना लगेच पोचेल. आणि भागाच्या शेवटी येणारा ‘कोइ’ नाच मुलांकडून गणपतीत बसवता येईल.

अनघा
रोहिणीताई, गणपतीचे नाच सांस्कृतिक समिती ठरवते. वेगळा मेल टाका. आणि ‘निगेहाजी’त संवाद भराभर, नायिका मिकुरीच्या डोक्यातल्या कल्पना त्याहून भराभर. सबटायटल्सशिवाय तीच सगळ्यात अवघड.

मंजिरी
बरं. ‘टोकियो’चे पहिले तीन, सलग, फुकट. चहाचा डबा कोपऱ्यात, ऐच्छिक.

सुहास
डबासुद्धा नको.

मंजिरी
मग दूध-साखर कोण आणतंय तेही सांगा. सारांश अनघाकडे, गुरुवारपर्यंत. डिस्क हॉलच्या प्लेअरवर आधी लावून बघायची आहे. भारतातून आणलेला प्लेअर नको, तिथला डीव्हीडी रीजन (डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल तो क्रमांक) ५, इथला जपानचा २.