'कृत्रिम प्रतिजैविक' म्हणायचं का? सिन्थेटिक बायॉलॉजी, किण्वन, वाण, उतारा वगैरे शब्दांबद्दल

विज्ञान दिनाला आमच्या कॉलेजात (पुणे, मायक्रोबायॉलॉजी विभाग) मराठीतून पोस्टर लावतो, अकरावी-बारावीची मुलं बघायला येतात आणि त्यातली बरीच मराठी माध्यमातून आलेली असतात. यंदा विषय घेतलाय सिन्थेटिक बायॉलॉजी (सूक्ष्मजीवाची जनुकं ठरवून बदलणं) वापरून फर्मेंटेशनने, म्हणजे टाकीत सूक्ष्मजीव वाढवून, आणखी चांगली अँटिबायोटिक्स (प्रतिजैविकं) कशी करतात. मुलींनी पहिल्या मसुद्यात मथळा दिला 'कृत्रिम प्रतिजैविकांची निर्मिती'. त्यांचा दोष नाही, पेपरात सिन्थेटिक दिसलं की कृत्रिम लिहितातच. पण मला हा शब्द अजिबात पटत नाही, आणि कारण कानाला बरा वाटत नाही एवढंच नाहीये, त्याने अर्थच उलटा होतो.

आता बघा, सिप्रोफ्लॉक्सासिन घराघरात माहीत आहे. ते कुठल्या बुरशीने किंवा जिवाणूने केलेलं नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत रसायनांपासून बनतं, लिनेझोलिडचंही तेच. म्हणजे कृत्रिम म्हणायचंच झालं तर यांना म्हणा. वॅक्समन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात अँटिबायोटिक हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला तेव्हा त्याची व्याख्याच अशी होती की एका सूक्ष्मजीवाने तयार केलेला आणि दुसऱ्या सूक्ष्मजीवाला मारणारा किंवा त्याची वाढ रोखणारा पदार्थ. त्या व्याख्येत सिप्रो बसतच नाही. आणि सिन्थेटिक बायॉलॉजीतून जे औषध येतं ते मात्र जिवंत पेशीच्या आत तयार होतं, व्याख्येत चपखल बसतं, आणि आपण नेमकं त्यालाच कृत्रिम म्हणतोय!

पोस्टरवर जे उदाहरण घेतलंय ते सांगते म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. सेफॅलेक्सिन हे औषध करायला सेव्हन-एडीसीए नावाचा गाभा लागतो. पूर्वी काय करायचे, बुरशीकडून पेनिसिलिन जी करून घ्यायचे आणि मग कारखान्यात रसायनांनी त्याच्यातलं पाच अणूंचं कडं वाढवून सहा अणूंचं करायचे, खूप पायऱ्या, खूप सॉल्व्हंट, त्याचा कचरा वेगळा. मग असं केलं की हे कडं वाढवणाऱ्या एन्झाइमचं जनुक स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्हुलिजेरस या जिवाणूतून घेतलं (ॲमॉक्सी-क्लॅव्हच्या गोळीतलं क्लॅव्ह देणारा जिवाणू हाच बरं का) आणि पेनिसिलिनच्या बुरशीत बसवलं, आणि तिला नेहमीच्या फिनाइल ॲसेटिक ॲसिडऐवजी ॲडिपिक ॲसिड द्यायला सुरुवात केली. आता कडं वाढवायचं काम बुरशीच करते, शेवटी एका एन्झाइमने ॲडिपिकची शेपटी कापली की गाभा हातात. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला डीएसएम कंपनीने २००१मध्ये या पद्धतीचा कारखाना सुरू केला. म्हणजे इथे आधीची पद्धत जास्त 'कृत्रिम' होती आणि नवी जास्त 'जैविक' आहे.

तर तुम्हा सगळ्यांकडून मला हवंय ते असं, खाली उत्तरं द्या. सिन्थेटिक बायॉलॉजीला काय म्हणायचं? संश्लेषित जीवशास्त्र वाचलंय पण त्याचा अर्थ जीवशास्त्रच संश्लेषित आहे असा होतो. फर्मेंटेशनला किण्वन की आंबवणं? स्ट्रेनला (एकाच जातीच्या सूक्ष्मजीवातला वेगळा प्रकार) काय? आणि 'इम्प्रूव्हड'ला नुसतं सुधारित म्हणून भागेल का, कारण सुधारलं नक्की काय, उत्पादन, पद्धत की औषध?

पिंपरीकर

वडील एचए कंपनीत होते (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ची, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उभी राहिली), मी स्वतः दुसरीकडे फर्मेंटेशनमध्ये नोकरी केली. प्लांटवर किण्वन हा शब्द कोणी उच्चारलेला मी ऐकला नाही. आम्ही 'बॅच टाकली', 'सीड ट्रान्सफर केलं' (आधी वाढवलेले सूक्ष्मजीव मोठ्या टाकीत सोडले), 'फोम वर आला, अँटिफोम मार', 'ब्रॉथ उतरवला' (ब्रॉथ म्हणजे टाकीतलं सूक्ष्मजीव वाढलेलं द्रव) असं बोलायचो. आणि रात्रपाळीत कंटॅमिनेशन (टाकीत भलताच जंतू शिरलेला) निघालं की एकच वाक्य, 'बॅच गेली'. माझं म्हणणं, पोस्टरच्या एका कोपऱ्यात हे शब्द जसेच्या तसे द्या, ही पण मराठीच आहे, पिंपरी ते कुरकुंभ पट्ट्यात रोज बोलली जाते.

आणि एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. एचएमध्ये साठच्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन शोधलं, बुरशीच्या संसर्गावरचं औषध. हॅमायसिनमधलं 'हॅ' म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, आणि ते देणाऱ्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीवरून ठेवलेलं. जगात कुठेही तो शब्द लिहितील तेव्हा पिंपरी लिहावीच लागते.

रूपसिद्धी

किण्वन शब्द पुस्तकी वाटतो खरा पण तो भाषांतरासाठी पाडलेला नाही, मूळ फार जुनं आहे. 'किण्व' म्हणजे दारू गाळायला लागणारं खमीर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात किण्व कसं बांधायचं ते दिलंय, उडदाचा लगदा कच्चा किंवा शिजवलेला, त्यात त्याच्या एक तृतीयांश जास्त तांदूळ आणि मोरट वगैरे वनस्पती. चार्वाकांचा प्रसिद्ध दाखलाही किण्वाचाच आहे, त्या घटकांत सुटं सुटं बघितलं तर नशा नसते पण एकत्र आले की मदशक्ती येते तसं चैतन्य भूतांच्या संयोगातून येतं. म्हणजे वेगवेगळे भाग एकत्र आणून नवा गुण उभा करायचा, तुमच्या विषयाला हा शब्द उलट फारच शोभतो.

आंबवणं मात्र मी नाही वापरणार. आंबणं म्हटलं की आंबटपणा आला, इडलीचं पीठ आंबतं, ताक आंबतं. पेनिसिलिनच्या टाकीत आंबट काय होतं?

आता शंका माझी. शाळेत आम्ही शिकलो की किण्वन म्हणजे ऑक्सिजनशिवाय होणारी क्रिया, पाश्चरचं हवेविना जीवन. मग पेनिसिलिनचं किण्वन कसं? तिथे तर हवा सोडतात ना?

मूळ लेखिका

फार महत्त्वाची शंका, आणि इथेच दरवर्षी मुलं अडखळतात. बायोकेमिस्ट्रीत फर्मेंटेशन म्हणजे ऑक्सिजनशिवाय ऊर्जा मिळवणं, पण कारखान्यात सूक्ष्मजीव टाकीत मोठ्या प्रमाणावर वाढवून त्यांच्याकडून काहीही करून घेतलं की ते फर्मेंटेशन, मग हवा असो नसो. पेनिसिलिनची बुरशी हवेशिवाय जगतच नाही, टाकीच्या तळातून निर्जंतुक हवा सतत फुगे फुगे करून सोडावी लागते, ढवळणी चालू ठेवावी लागते, हवा बंद पडली की बॅच धोक्यात. इंग्रजीत एकाच शब्दावर दोन अर्थ चढलेत आणि आपण किण्वन म्हणून दोन्ही उचलले. मला वाटतं किण्वन ठेवू पण पोस्टरवर 'औद्योगिक किण्वन' असं लिहू आणि खाली एक ओळ, यात हवा लागते.

पिंप्रिनाबद्दल मनापासून आभार, ते पोस्टरवर जाणार म्हणजे जाणारच, आणि नाव मोठ्या अक्षरात.

बारामतीकर

ताई एक विचारू का, कृत्रिम शब्दावर एवढा राग कशाला? आमच्याकडे गायींना कृत्रिम रेतन होतं, त्यातून झालेल्या कालवडीला कोणी नकली म्हणत नाही, चांगली किंमत देऊन नेतात. कृत्रिम बुद्धिमत्ता तर आता सगळेच म्हणतात. शब्द रुळला की माणसं अर्थ बरोबर लावतात.

बाकी स्ट्रेनला वाण म्हणा, डोळे झाकून. ज्वारीचं वाण, उसाचं वाण, सुधारित वाण, संकरित वाण, शेतकऱ्याच्या पोराला एका सेकंदात कळेल की जात तीच पण निवडून, पारखून काढलेली. पुस्तकात प्रजाती लिहितात ते चूक आहे, प्रजाती म्हणजे स्पीशीज झाली. आणि टाकीत औषध किती निघालं याला उतारा म्हणा, साखर कारखान्यात उतारा किती पडला विचारतात तसं. शिवाय विषावरचा उतारा हाही अर्थ आहेच, औषधाला साजेसा.

मूळ लेखिका

बारामतीकर, रेतनाचा मुद्दा बिनतोड आहे. पण बघा, तिथे कृत्रिम हे विशेषण रेतनाला लागलंय, कालवडीला नाही. कृत्रिम कालवड म्हटलं असतं तर तुम्हीही हसला असता. तसंच 'कृत्रिम जीवशास्त्र' मी एक वेळ चालवून घेईन, 'कृत्रिम प्रतिजैविक' नाही. अडचण अशी होते की विशेषण घसरत घसरत औषधापर्यंत पोचतं, आणि मग घरी कोणीतरी म्हणतं की डॉक्टरांनी कृत्रिम अँटिबायोटिक दिलंय, नको ते, दोन दिवसांत बंद करू. कोर्स अर्धवट सोडणारे आधीच कमी नाहीत. म्हणून माझा जीव तुटतो.

वाण मला इतकं आवडलंय की काय सांगू. पेनिसिलिनचा अख्खा इतिहास वाणाचाच आहे. फ्लेमिंगची १९२८ची बुरशी मिलिलिटरला एक-दोन युनिट द्यायची. मग अमेरिकेत पिओरियाला १९४३मध्ये एका बुरसटलेल्या खरबुजावर दुसरी सापडली, तिच्यावर एक्स-रे मारले, अल्ट्राव्हायोलेट मारले, बुरशीच्या हजारो वसाहतींतून जी जास्त देईल ती ठेवायची, तिच्यावर पुन्हा मारा, पुन्हा निवड, आणि असं करत आज लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास आलंय. ही सगळी निवड आंधळी होती, बुरशीत नक्की काय बदललं ते नंतर कळलं, पेनिसिलिनच्या जनुकांच्या एकाच्या जागी अनेक प्रती झाल्या होत्या. सिन्थेटिक बायॉलॉजीत हेच डोळे उघडे ठेवून करतात, कुठलं जनुक, कुठून आणायचं, किती जोरात चालवायचं हे आधी ठरवून. म्हणून माझ्या मनात 'जीवघडण' हा शब्द घोळतोय. घडवणारा माणूस आहे पण घडतंय ते जिवंतच आहे. ग्रंथात हवं तर संश्लेषी जीवशास्त्र लिहा, फलकावर जीवघडण.

आणि वाणावरून ती म्हण आठवलीच, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. तिथे वाण म्हणजे रंग (वर्ण), हे रूपसिद्धींना सांगायला नको. १९८५मध्ये डेव्हिड हॉपवुड, सातोशी ओमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्ट्रेप्टोमायसिसची ॲक्टिनोऱ्होडिन हे अँटिबायोटिक करणारी जनुकं दुसऱ्या स्ट्रेप्टोमायसिसमध्ये घातली. पहिल्याचं औषध निळं, दुसऱ्याचं तपकिरी. आणि बशीत उगवलं काय तर लालसर जांभळं, जे दोघांपैकी कोणीच करत नव्हतं. जनुकं हलवून मिळालेलं हे पहिलं संकरित अँटिबायोटिक. गुण तर लागलाच, वाणही लागला!

टीवायची विद्यार्थिनी

मॅडमच्याच वर्गात आहे, 'सायलेंट जीन क्लस्टर'साठी (जिवाणूत शेजारी शेजारी असलेली पण काम न करणारी जनुकं) मी मूक जनुकसमूह लिहिलंय आणि मैत्रीण म्हणते निद्रिस्त. कुठलं बरोबर? स्ट्रेप्टोमायसिस सिलिकलरचा जीनोम २००२मध्ये पूर्ण वाचला तेव्हा त्यात असे पदार्थ करणारे २०हून जास्त समूह निघाले आणि त्यातले बरेच प्रयोगशाळेत काहीच करत नव्हते, तो भाग माझ्याकडे आहे.

रूपसिद्धी

सुप्त. 'सुप्त गुण' आपण शाळेच्या गॅदरिंगपासून ऐकतोय, म्हणजे आत आहे पण बाहेर आलेलं नाही, संधी मिळाली की येईल. मूक म्हटलं तर कायमचं मुकं वाटतं.

मूळ लेखिका

सुप्त, पक्कं. आणि पुढे 'जागं करणं' असंच लिही, स्विच बदलून जागं करतात किंवा पूर्ण समूह उचलून दुसऱ्या, वाढवायला सोप्या जिवाणूत नेऊन चालवतात.

याच जागी सुधारित या शब्दाचं बघायला हवं. सेफॅलेक्सिनच्या उदाहरणात औषध तेच राहिलं, पद्धत सुधारली. पेनिसिलिनच्या वाणात औषधही तेच, प्रमाण वाढलं. या दोन्हींनी औषध स्वस्त होतं, कारखान्याचा कचरा कमी होतो, ही लहान गोष्ट नाही. पण जे जंतू आजच्या औषधांना दादच देत नाहीत त्यांच्यासाठी रेणूच नवा लागतो, आणि तो या सुप्त समूहांतून किंवा हॉपवुडसारख्या जोडणीतून यायचा. या तिन्हींना एकच 'सुधारित' शब्द लावला तर वाचणाऱ्याला वाटेल प्रश्न सुटला. म्हणून मी म्हणते, पहिल्या दोन ठिकाणी 'सुधारित वाण' आणि 'सुधारित पद्धत', आणि शेवटच्या ठिकाणी सरळ 'नवं प्रतिजैविक'.

दाद न देणारे जंतू हेही तसंच राहू दे, प्रतिरोधक जिवाणूपेक्षा लवकर कळतं.

पिंपरीकर

उतारा शब्द झकास आहे पण एक सांगतो, प्लांटवर दोन आकडे असतात आणि ते वेगळे असतात. टायटर म्हणजे ब्रॉथमध्ये लिटरला औषध किती आहे. रिकव्हरी म्हणजे त्यातलं गाळून, सॉल्व्हंटमध्ये घेऊन, स्फटिक करून शेवटी हातात किती आलं. पेनिसिलिन आम्लात आणि उष्णतेत लगेच मोडतं, म्हणून ब्रॉथ थंड ठेवून झटपट काढावं लागतं, तिथे ढिलाई झाली तर टायटर उत्तम असूनही रिकव्हरी बसते. उसात साखर किती आहे आणि कारखान्यात किती निघाली, तसं. उतारा दुसऱ्याला म्हणा.

बारामतीकर

बरोबर बोललात. आमच्याकडेही उसातल्या साखरेला उतारा म्हणत नाहीत, पोत्यात पडते तिलाच म्हणतात.

मूळ लेखिका

मग ते ५० ग्रॅम 'ब्रॉथमधलं प्रमाण' या नावाखाली देते, आणि उतारा वेगळ्या रकान्यात. पिंपरीकर, ब्रॉथला प्लांटवर मराठीत काही म्हणायचे का, की ब्रॉथच?

पिंपरीकर

ब्रॉथच. जुनी माणसं कधीकधी 'माल' म्हणायची, माल घट्ट झालाय, माल पातळ आहे. बुरशी दाट वाढली की तो खरंच लापशीसारखा होतो आणि मोटरचा लोड वाढतो, आवाजावरून कळायचं.