विलीज १९४३: सेल्फ दमतो, गिअरबॉक्सचं ऑइल गायब

सातारकर: नमस्कार मंडळी. आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली विलीज एमबी जीप वीस वर्षं गोठ्यात उभी होती. दीड वर्ष खपून चालू केली. रिंगा, व्हॉल्व्ह, ब्रेकचे सिलिंडर, सगळं झालं. दोन दुखणी उरलीत. इंजिन गार असताना ६ व्होल्टचा सेल्फ अर्धवट फिरून थांबतो; बॅटरी नवी आहे. आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होतं, पण खाली थेंबही नाही. मेकॅनिक म्हणतो, १२ व्होल्ट करून टाका. मला ती आजोबा चालवायचे तशीच ठेवायचीय.

गॅरेजवाले काका: तशीच ठेवा. ६ व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाड हवी. आजकालच्या गाडीची बारीक केबल लावली असेल तर तिथेच घोळ आहे. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून लखलखीत करा. ऑइलसाठी ट्रान्सफर केसचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे जोडलेल्या, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचा, लेव्हल प्लग (ऑइलची पातळी बघायचं बूच) उघडून बघा.

सातारकर: काका, उघडला आणि ऑइल बदाबदा बाहेर आलं! केबलही कारचीच निघाली.

गॅरेजवाले काका: म्हणजे गिअरबॉक्समधलं ऑइल मेन शाफ्टच्या वाटेनं ट्रान्सफर केसमध्ये जातंय. खोलावं लागेल. भरताना जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइलच घ्या. काही जीएल-५ ऑइलं पितळी सिंक्रोरिंगा (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) खातात.

कोकणी जीपवाला: दादा, फ्लोअरखालच्या चॅनेलमधल्या लाकडी पट्ट्याही तपासा. पाणी धरतात, पत्रा आतून सडतो. माझा पाय आरपार गेला होता.

सातारकर: आत्ताच टोचून पाहिलं. डावीकडची पट्टी भुसा झालीय. उद्या सुताराकडे जातो.